जपानमध्ये मूल एकटं शाळेत जायला लागतं तेव्हा: टोकियोत नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

घर कसं शोधायचं, बँकेत खातं कसं उघडायचं, हिंग-जिरं कुठे मिळतं हे टोकियोत आल्या आल्या कुणी ना कुणी सांगतंच. मुलाला जपानी सरकारी शाळेत घातलं की मात्र एक गोष्ट अचानक समोर येते, आणि तिची तयारी आपल्यापैकी कुणाचीच झालेली नसते. सहा वर्षांचं मूल पाठीवर दप्तर लावून एकटं चालत शाळेत जाणार आणि आपण दारातूनच टाटा करायचा. पुण्या-ठाण्यात व्हॅनवाले काका असतात, रिक्षावाले काका असतात, नाहीतर बाबांची स्कूटर असते. इथे रोज गाडीने सोडायला आलेले पालक शाळांना चालत नाहीत, आणि तिसरी-चौथीतल्या मुलाला हाताला धरून फाटकापर्यंत नेणारी आई वर्गात चर्चेचा विषय होते.

आम्ही एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईजवळ राहतो. आमच्या मुलीने हे सगळं इथेच केलं, आणि तिच्यामागे मी ते शिकले. गणपतीत भेटणारे नवे पालक दरवर्षी तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा नीट क्रमाने लिहून काढते आहे. तुमचं मूल भारतीय शाळेत बसने जात असेल तर पहिला भाग सोडून द्या. शाळेनंतर बागेत, मित्राकडे, क्लासला जाणं तुमच्याही वाट्याला येणारच आहे.

सुरुवातीलाच एक सांगते. इथली मुलं एकटी फिरतात ती जास्त शूर असतात म्हणून नव्हे. त्यांच्यासाठी बरंच काही मांडून ठेवलेलं आहे, आणि ते मुद्दाम, वर्षानुवर्षं खपून केलेलं आहे. १९७० साली जपानमध्ये रस्त्यांवर १६,७६५ माणसं मेली. २०२४ साली हा आकडा २,६६३ होता. १९६२ च्या कायद्यामुळे गाडी घ्यायची तर ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे याचा दाखला द्यावा लागतो, त्यामुळे गल्ल्यांत रात्रंदिवस उभ्या गाड्यांच्या रांगा नसतात आणि लहान मूल चालकाला लांबून दिसतं. १९७२ पासून शाळांभोवती ‘स्कूल झोन’ आखले गेले, आणि त्यातल्या कित्येक गल्ल्यांत शाळा भरायच्या वेळी गाड्यांना मज्जाव असतो. मधली रेघ नसलेल्या अरुंद रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ६० वरून ३० किलोमीटर करण्याचा निर्णय झाला आणि त्यासाठी १ सप्टेंबर २०२६ ही तारीख ठरली. या बंदोबस्तात पालकांचाही वाटा असतो. तो आपण उचलला नाही तर आपलं मूल एकटं जात नाही, एकटं पडतं.

काय काय लागेल

- रेसिडेन्स कार्ड आणि वॉर्ड ऑफिसातून मिळालेली शाळाप्रवेशाची कागदपत्रं
- घर ते शाळा रस्त्याचा नकाशा काढून द्यायचा फॉर्म
- आणीबाणीत कुणाला फोन करायचा याचं कार्ड. त्यात तुमच्या दोघांशिवाय निदान एका जवळच्या ओळखीच्या माणसाचा नंबर हवा
- शाळेतल्या अपघातांच्या सामायिक भरपाई योजनेचं संमतीपत्र
- बोहान बझर, म्हणजे दोरी ओढली की कर्कश वाजणारं छोटं यंत्र
- पहिलीच्या मुलांना पिवळी टोपी, दप्तरावरचं पिवळं आवरण आणि हातावरचा पिवळा बिल्ला. यातलं बरंचसं शाळेतून मिळतं
- घराची किल्ली आणि ती दप्तराच्या आत अडकवायची दोरी
- १० येनची थोडी नाणी
- रेनकोट किंवा पिवळी छत्री, जिची एक पाकळी पारदर्शक असते
- पुढे कधीतरी: मुलांचं रेल्वे कार्ड, सायकलचं हेल्मेट आणि सायकलचा विमा

रांदोसेरू हे ते प्रसिद्ध चौकोनी दप्तर घ्यायलाच हवं असं नाही. ते महाग असतं आणि रिकामंच किलोभराहून जड असतं. दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची कुठलीही पिशवी चालते का, हे शाळेला विचारा. बहुतेक ठिकाणी चालते.

१. कागदपत्रं: नकाशा मनावर घ्या

जपानी मुलांच्या घरी शाळेची सूचना आपोआप येते. परदेशी मुलांना शिक्षण कायद्याने सक्तीचं नसल्यामुळे आपल्याला वॉर्ड ऑफिसात जाऊन शाळेसाठी अर्ज करावा लागतो. शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तेव्हा हिवाळ्यातच चौकशी करा.

शाळा ठरली की घर ते शाळा कोणत्या रस्त्याने मूल जाईल याचा नकाशा मागतात. शाळेने ठरवून दिलेल्या रस्त्याला ‘त्सूगाकुरो’ म्हणतात. नवे पालक हा फॉर्म घाईत भरतात आणि मुलाला जवळचा रस्ता दाखवून मोकळे होतात. तसं करू नका. ठरलेला रस्ता बहुतेक वेळा थोडा लांबचा असतो, कारण तो फुटपाथ, सिग्नल आणि माणसांची वर्दळ पाहून निवडलेला असतो. रहदारीला हात दाखवणारे स्वयंसेवक आणि झेंडे धरून उभे असलेले पालक त्याच रस्त्यावर असतात. शिवाय शाळेमार्फत मिळणारी अपघाताची भरपाई ‘नेहमीच्या रस्त्याने आणि नेहमीच्या पद्धतीने’ शाळेत जाता-येता झालेल्या अपघाताला लागू होते. मूल दुसऱ्याच गल्लीत सापडलं तर वाद निर्माण होऊ शकतो.

याच कारणासाठी शाळेतून परतताना दुकानात किंवा बागेत थांबायला मनाई असते. आधी घरी यायचं, दप्तर ठेवायचं, मग खेळायला जायचं. आपल्या मुलांना हे जाचक वाटतं, पण यामुळे ‘मूल किती वाजेपर्यंत कुठे असायला हवं’ हे सगळ्यांना नक्की ठाऊक असतं.

२. रस्ता आधी तुम्ही चाला, दोन वेळांना

रविवारी दुपारी रमतगमत रस्ता पाहून येण्याने काही कळत नाही. शाळा भरायच्या वेळी एकदा आणि सुटायच्या वेळी एकदा चाला, तेही कामाच्या दिवशी. सकाळी शांत असलेली गल्ली दुपारी सामान पोचवणाऱ्या ट्रकांनी भरलेली असते.

चालताना अधूनमधून खाली बसा आणि मुलाच्या उंचीवरून बघा. कोपऱ्यावरची कुंपणाची झुडपं, शीतपेयांची यंत्रं, उभा ट्रक, यामागचं मुलाला काहीच दिसत नाही आणि चालकालाही मूल दिसत नाही. आमच्याकडच्या रस्त्यात मला सर्वांत धोक्याची वाटलेली जागा चौक नव्हती, कोन्बिनीचं, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानाचं पार्किंग होतं. गाड्या फुटपाथ ओलांडून आत-बाहेर करतात, मागे घेतात, आणि हल्लीच्या गाड्यांचा आवाज जवळजवळ नसतो. फुटपाथ म्हणजे सुरक्षित असं मुलाने धरलेलं असतं, म्हणून तिथे ते बेसावध असतं. अशा प्रत्येक ठिकाणी ‘इथे थांब’ असा एक ठरलेला दगड, खांब किंवा रेघ मुलासोबत निवडा. ‘जपून जा’ या सूचनेने सहा वर्षांच्या मुलाला काहीच कळत नाही. ‘या निळ्या खांबापाशी उभं राहायचं आणि दोन्हीकडे बघायचं’ हे बरोबर कळतं.

वाटेतल्या मदतीच्या जागाही दाखवा. कोबान म्हणजे पोलीस चौकी. तिथे पोलीस नसला तर टेबलावरच्या फोनवरून पोलीस ठाण्याशी बोलता येतं. कित्येक घरांवर आणि दुकानांवर ‘कोदोमो ११०-बान नो इए’ असा फलक किंवा स्टिकर असतो. भीती वाटली, कुणी मागे लागलं, पडून लागलं तर त्या घरात शिरायचं. मुलासोबत तिथे एकदा खरंच जा आणि नमस्कार करून या. ओळख झालेल्या दारात मूल लवकर शिरतं.

३. रस्ता ओलांडणं: इथे वेळ खर्च करा

जपानमध्ये पायी चालताना अपघातात सापडणाऱ्यांची वयानुसार मोजणी केली की सात वर्षांच्या वयाला टोक दिसतं. इथे त्याला ‘भयंकर सातवं वर्ष’ अशा अर्थाचं नावच पडलं आहे. पहिली-दुसरीतलं मूल नुकतंच एकटं फिरू लागलेलं असतं आणि मित्र दिसला की धाव घेतं. म्हणून एप्रिलमधल्या पहिल्या दिवसांपेक्षा मे-जूनमध्ये, सवय झाल्यावर, जास्त लक्ष ठेवा. जातानापेक्षा परततानाचीही जास्त काळजी घ्या.

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, हे आपल्या मुलांचं भाग्य. फुटपाथ नसेल तिथे पायी चालणाऱ्याने उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं.

पण भारतातून आलेल्या मुलाला आणि मोठ्यांनाही नवीन असणाऱ्या तीन गोष्टी आहेत.

पहिली: चालणाऱ्यांचा सिग्नल हिरवा असतो तेव्हा वळणाऱ्या गाड्यांचाही बऱ्याचदा हिरवा असतो. गाडीने थांबायचं असतं, पण मुलाने ‘हिरवा झाला, निघालो’ असं करायचं नाही. हिरवा झाल्यावरही मान मागे वळवून बघायचं. हिरवा लुकलुकायला लागला की नव्याने पाऊल टाकायचं नाही.

दुसरी: वळणाऱ्या ट्रकचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जातं. चौकात फुटपाथच्या अगदी कडेला उभं राहणारं मूल त्या चाकाच्या वाटेत येतं. रेघेपासून दोन मोठी पावलं मागे उभं राहायची सवय लावा.

तिसरी: सिग्नल नसलेलं झेब्रा क्रॉसिंग. चालणारा दिसला की थांबणं चालकाला कायद्याने बंधनकारक आहे, आणि जपानमध्ये सगळे नियम पाळतात असं आपण ऐकून आलेलो असतो. जपान ऑटोमोबाइल फेडरेशनच्या पाहणीत २०१६ साली अशा ठिकाणी जेमतेम ७.६ टक्के गाड्या थांबल्या होत्या. २०२४ मध्ये हे प्रमाण ५३ टक्क्यांवर आलं. सुधारणा मोठी आहे, पण अजून जवळजवळ निम्म्या गाड्या थांबत नाहीत. हात उंच करायचा, गाडी पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची, चालकाशी नजर मिळाली की मगच निघायचं. पलीकडे पोचल्यावर मुलं वळून चालकाला वाकून नमस्कार करतात. ही पद्धत फार सुंदर आहे, आपल्या मुलालाही शिकवा.

४. हात सोडायचा तो टप्प्याटप्प्याने

एप्रिलच्या सुरुवातीला पहिलीच्या मुलांना घराच्या दिशेनुसार रंग देऊन गट करतात आणि शिक्षक त्यांना ठरावीक कोपऱ्यापर्यंत आणून सोडतात. काही गावांत आणि उपनगरांत मोठ्या मुलांच्या मागे रांगेने जाण्याची पद्धत वर्षभर असते. टोकियोत बऱ्याच शाळांत ती नसते. वर्षाच्या मध्ये, दुसरी-तिसरीत दाखल झालेल्या भारतीय मुलाला यातलं काहीच मिळत नाही. वर्गातली बाकीची मुलं शिकून झालेली असतात आणि शिक्षकांच्याही ते लक्षात येत नाही. तेव्हा ‘रेन्राकुचो’ या निरोपाच्या वहीत स्पष्ट लिहा की आमचं मूल एकट्याने चालायला नवीन आहे, आमच्या बाजूला राहणारं कुणी मूल आहे का? बहुधा एखादं मूल सापडतं.

घरी असा क्रम ठेवा. आधी तुम्ही पुढे, मूल मागे. मग मूल पुढे आणि तुम्ही मागे, आणि तेव्हा एकही सूचना द्यायची नाही. मूल कुठे चुकतं ते बघायचं आणि घरी आल्यावर बोलायचं. मग अर्ध्या वाटेवर निरोप. मग पहिल्या मोठ्या क्रॉसिंगपर्यंत. मग दारातून. एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर कधी जायचं हे दिनदर्शिका बघून ठरवू नका, मुलाचं वागणं बघून ठरवा. पाऊस असला, ताप येऊन गेला असला, रात्री झोप झाली नसली तर एक पायरी मागे यायला काहीच हरकत नाही. शेजारचं मूल एकटं जातं म्हणून आपलं गेलंच पाहिजे असंही नाही.

गैरहजेरी कळवायची शाळेची पद्धत, म्हणजे फोन की ॲप आणि कितीपर्यंत, पहिल्याच दिवशी पाठ करा. न कळवता मूल वर्गात दिसलं नाही की शाळा फोन करते. ही फार मोठी सोय आहे. तुम्ही वेळेवर कळवत राहिलात तरच ती चालते, नाहीतर घरी तापाने झोपलेल्या मुलासाठी शिक्षक शोधाशोध करतात.

आणि पालकांच्या झेंड्याच्या पाळीला जरूर जा. सकाळी पिवळा झेंडा घेऊन कोपऱ्यावर उभं राहायचं असतं. १९५९ पासून टोकियोत या कामासाठी हिरव्या पोशाखातल्या बायका नेमल्या जात, त्यांना मुलं ‘हिरव्या मावशी’ म्हणत. आता बरंचसं काम पालक आणि निवृत्त आजोबा-आजी करतात. भाषा येत नाही म्हणून पाळी टाळू नका, ‘ओहायो गोझाइमास’ (सकाळचा नमस्कार) एवढं पुरतं. तुम्ही उभ्या राहिलात की परिसरातली मुलं आणि आजोबा तुम्हाला ओळखू लागतात, आणि मग ‘ती भारतीय मुलगी आज रडत चालली होती’ असं तुम्हाला येऊन सांगणारं कुणीतरी असतं. कुठल्याही जीपीएसपेक्षा मला या ओळखीचा जास्त उपयोग झाला.

५. अनोळखी माणसं, बझर आणि चार जपानी वाक्यं

टोकियो पोलिसांनी २००४ साली मुलांसाठी एक सूत्र काढलं, ‘इका नो ओ-सू-शी’. प्रत्येक अक्षरात एक सूचना: अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, त्याच्या गाडीत बसायचं नाही, मोठ्याने ओरडायचं, लगेच पळायचं, मोठ्यांना सांगायचं. शाळेत हे शिकवतात. घरी मराठीतही बोला, कारण भीतीच्या क्षणी मूल घरच्या भाषेत विचार करतं. आपल्याकडे ‘काका बोलावतात तर जा’ ही शिकवण असते. तेव्हा ‘मोठ्या माणसाला नाही म्हटलं तरी आई रागावणार नाही’ हे शब्दांत सांगावं लागतं.

बझर दप्तराच्या खांद्याच्या पट्ट्यावर, हात सहज पोचेल तिथे लावा. बऱ्याच पालकांनी तो मागे किंवा आत ठेवलेला असतो, तिथे त्याचा उपयोग नाही. महिन्याच्या एक तारखेला दोरी ओढून वाजतो का बघा, बॅटरी न कळत संपते. मुलाकडूनही एकदा मोकळ्या जागेत वाजवून घ्या, म्हणजे आवाजाने तेच दचकणार नाही.

ही वाक्यं पाठ असू द्या: ‘तासुकेते’ (वाचवा), ‘माइगो देस’ (मी हरवलोय), ‘देन्वा ओ काशिते कुदासाई’ (फोन करू द्या), आणि आपलं पूर्ण नाव व शाळेचं नाव. दप्तराच्या बाहेर मात्र नाव लिहू नका, नावाने हाक मारणारा माणूस मुलाला ओळखीचा वाटतो.

टोकियो पोलिसांचं ‘देजी-पोरिस’ नावाचं ॲप परिसरात घडलेल्या संशयास्पद घटना कळवतं. घ्या, पण प्रत्येक सूचना मुलाला वाचून दाखवू नका. तुम्ही जागा पाहा, आणि ती मुलाच्या रस्त्यावर असेल तरच बोला.

६. किल्ली आणि रिकामं घर

दोघंही नोकरी करत असाल तर आधी शाळेतल्याच दुपारच्या सोयीची चौकशी करा. एदोगावात तिला ‘सुकुसुकु स्कूल’ म्हणतात. इतर वॉर्डांत वेगळी नावं आहेत.

मूल स्वतः कुलूप उघडणार असेल तर किल्ली बाहेर लटकती नको. दारापाशी पोचल्यावर आधी मागेपुढे बघायचं, मग किल्ली काढायची. आत कुणी नसलं तरी मोठ्याने ‘तादाइमा’ (मी आले) म्हणत शिरायचं आणि लगेच आतून कडी लावायची. इमारतीच्या मुख्य दारातून मागोमाग कुणी शिरत असेल तर त्याला पुढे जाऊ द्यायचं. बेल वाजली तर उघडायचं नाही.

मुलाला एकटं ठेवावं की नाही यावर जपानी समाजाचंही एकमत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या साइतामा प्रांतात तिसरीपर्यंतच्या मुलांना एकटं सोडण्यावर बंदी घालणारा प्रस्ताव आला होता. त्यात मुलांनी मोठ्यांशिवाय शाळेत जाणं किंवा बागेत खेळणंही बसलं असतं. पालकांनी एवढा विरोध केला की काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. माझं स्वतःचं मत विरोध करणाऱ्यांच्या बाजूचं आहे, पण म्हणून पहिलीच्या मुलाला तासन्‌तास घरी एकटं ठेवावं असं मी म्हणणार नाही.

७. भूकंप

हे वगळू नका. ११ मार्च २०११ चा मोठा भूकंप दुपारी २:४६ ला झाला, म्हणजे लहान मुलं घरी परतत असतात त्या वेळेला.

वाटेत धक्का बसला तर काय करायचं हे रस्त्यावर उभं राहूनच ठरवा. विटांच्या भिंती, काचा, विजेचे खांब, शीतपेयांची यंत्रं यांपासून लांब व्हायचं, दप्तर डोक्यावर धरायचं. थांबल्यावर शाळा आणि घर यांतलं जे जवळ असेल तिथे जायचं. मध्यबिंदू कुठला ते मुलाला आधीच दाखवून ठेवा. शाळेत असताना मोठा भूकंप झाला तर मुलाला फक्त आणीबाणीच्या कार्डावर नाव असलेल्या माणसाच्याच ताब्यात देतात. तुम्ही दोघं शहराच्या मध्यभागी अडकलात तर चालत येऊ शकेल असं कुणीतरी त्या यादीत हवंच.

१७१ या क्रमांकावर आपत्तीच्या वेळी निरोप ठेवता येतो, आणि दर महिन्याच्या १ व १५ तारखेला सराव करता येतो. सार्वजनिक फोन कसा लावायचा हेही मुलाला शिकवा, त्यासाठीच ती १० येनची नाणी. ११० (पोलीस) आणि ११९ (अग्निशमन, रुग्णवाहिका) नाण्याशिवाय लागतात. एदोगावाची जवळजवळ सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून वादळाच्या दिवशी नदीकाठ आणि कालवे वर्ज्य.

८. संध्याकाळ: बाग, मित्र आणि पाचचा भोंगा

मुलं शाळेतच एकमेकांशी ठरवून येतात, ‘साडेतीनला बागेत’. आईबाबांचे फोन होत नाहीत, त्यामुळे नव्या पालकांना हे तुटक वाटतं. तसं काही नसतं. तुम्ही फक्त कुठे, कुणाबरोबर, कधी परत हे तीन प्रश्न दारातच विचारा. जागा बदलायची असेल तर आधी घरी येऊन सांगायचं, ही अट पक्की ठेवा. संध्याकाळी परिसरातल्या ध्वनिक्षेपकांवर धून वाजते, बऱ्याच ठिकाणी पाच वाजता आणि हिवाळ्यात त्याआधी. ती ऐकली की मुलं आपापल्या घरी निघतात. पहिलीच्या मुलाला घड्याळ नीट कळत नसलं तरी धून कळते. दुसऱ्याच्या घरी न विचारता जायचं नाही, एवढं शिकवा.

निशी-कासाईकडे राहत असाल तर पहिली स्वतंत्र सहल म्हणून ग्योसेन बाग चांगली आहे, आत एक छोटं मोफत प्राणिसंग्रहालयही आहे. जरा मोठं मूल कालव्यांवरच्या हिरव्या पायवाटांनी बरंच लांब जाऊ शकतं, आणि तिथे गाड्या नसतात.

९. रेल्वे आणि सायकल

प्राथमिक शाळेतल्या मुलांना रेल्वेचं अर्धं तिकीट लागतं. मुलांचं सुइका किंवा पास्मो कार्ड स्टेशनवर जन्मतारखेचा पुरावा दाखवून मिळतं. मोठ्यांचं कार्ड मुलाला देऊ नका, पूर्ण भाडं कापलं जातं. ओदाक्यू मार्गावर तर मार्च २०२२ पासून कार्डवर मुलांचं भाडं सरसकट ५० येन आहे. पहिला एकट्याचा प्रवास गाडी न बदलता, एकाच मार्गावर, गर्दीची वेळ टाळून करू द्या. उतरायचं स्टेशन चुकलं तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं आणि गणवेशातल्या कर्मचाऱ्याला सांगायचं. उलट गाडी आपण होऊन पकडायची नाही.

सायकलवर शाळेत जायची सहसा परवानगी नसते. खेळायला जातानाही काही शाळा ठरावीक इयत्तेपर्यंत मोठ्यांची सोबत मागतात. तेरा वर्षांखालच्या मुलांना फुटपाथवरून सायकल चालवता येते, पण सावकाश आणि चालणाऱ्यांना आधी वाट देऊन. हेल्मेट घालाच. टोकियोत एप्रिल २०२० पासून सायकलचा विमा सक्तीचा आहे, तो टाळू नका. २०१३ साली कोबे इथल्या न्यायालयाने पाचवीतल्या मुलाच्या सायकलने वृद्ध बाईंना धडक दिल्याबद्दल त्याच्या आईला सुमारे ९ कोटी ५० लाख येन भरपाई द्यायला सांगितली होती.

१०. आजी-आजोबा आणि भारतातली सुट्टी

आजी-आजोबा तीन महिन्यांसाठी येतात आणि पहिल्याच सकाळी आजोबा नातीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन निघतात. त्यांना अडवू नका, त्यांचं प्रेम आहे ते. पण नातीला वाट दाखवू द्या: ‘आजोबा, आता इथे थांबायचं.’ आपल्या एवढ्याशा नातीला रस्ता कळतो हे त्यांना डोळ्यांनी दिसलं की फोनवरची काळजी बरीच कमी होते. ते परत गेल्यावर मात्र मूल आठवडाभर सोबत मागतं, तेवढी द्या.

पुण्या-मुंबईला सुट्टीवर जाताना याच्या उलट तयारी लागते, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. जपानमध्ये तयार झालेलं मूल झेब्रावर हात वर करून उतरतं आणि गाडी थांबेल असं धरून चालतं. तिथे थांबत नाही. एकेरी रस्त्यावर उलटी दुचाकी येते, फुटपाथवर दुचाकी येते. विमानात बसण्याआधीच सांगा की तिथे रस्ता ओलांडताना हात धरायचा, मोठं झालं तरी. मूल नाराज होईल, कारण इथे मिळालेली मोकळीक तिथे एकदम हातातून जाते. सोसायटीच्या आवारातलं दुकान, खालच्या मजल्यावरची मैत्रीण, कोपऱ्यावरचा वाणी, जिथे रस्ता ओलांडावा लागत नाही अशी कामं त्याला एकट्याला करू द्या.

११. मूल वेळेवर आलं नाही तर

कधीतरी हे होणारच. काय करायचं ते आधीच लिहून फ्रिजवर लावा.

थोडा वेळ थांबा, वर्ग उशिरा सुटतात. मग शाळेला फोन करा, मूल किती वाजता निघालं विचारा. एकाने घरीच थांबायचं आणि दुसऱ्याने ठरलेल्या रस्त्याने उलट चालत जायचं, दुसरा रस्ता धरायचा नाही. वाटेतल्या मदतीच्या घरात आणि कोबानमध्ये विचारा. सोबतच्या मुलाच्या घरी चौकशी करा. तरीही पत्ता लागला नाही तर संकोच न करता ११० ला फोन करा. इतक्यात पोलिसांना कशाला त्रास द्यायचा, असा विचार करू नका. कपड्यांचा रंग, टोपी, दप्तराचा रंग सांगता यायला हवा, म्हणून सकाळी दारात एक फोटो काढून ठेवायची सवय चांगली.

मूल सापडल्यावर, बहुतेक वेळा ते मांजर बघत बसलेलं असतं किंवा मित्राला घरापर्यंत सोडायला गेलेलं असतं, तेव्हा आधी कुठे होतं ते शांतपणे सांगू द्या. रागावलात तर पुढच्या वेळी ते खरं सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने पुन्हा पाठवा, आणि हवं तर एक पायरी मागे येऊन अर्ध्या वाटेपर्यंत सोबत जा.